मांडीवरचा कुत्रा आणि परभणीचे ऊन



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली, तेव्हा पुढे कोणी व्यासपीठावरून घरातल्या कुत्र्याविषयी बोलेल, असे त्यांच्या मनात आले नसेल. तरीही हा विषय आम्ही आपण होऊन मागून घेतला. त्याचे कारण असे, की आपल्या परभणीच्या नव्या वसाहतींतून फिरताना फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी दिसते, आणि आत डोकावावे तर वीतभर उंचीचा, चपट्या नाकाचा एक जीव फरशीवर पोट टेकून धापा टाकत असतो. सावध राहायचे ते त्याच्यापासून नसून त्याच्यासाठी, असे आम्हांस वाटू लागले. आज सांगायचे ते एवढेच.

कुत्रा आपल्याला परका नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. कुत्र्याने कोरडी भाकर पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या नामदेवरायांची कथा तर आपल्या घरचीच. त्यांचे नरसी गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. पण या परंपरेतला कुत्रा बहुधा अंगणातला, वाड्यावरचा, शेतावरचा. आखाड्यावरचा कुत्रा रात्री भुंकतो, रानडुकराला हुसकतो, आणि सकाळी भाकरीचा तुकडा खातो. तो हक्काचा तुकडा आहे. त्याने तो कमावलेला आहे.

मांडीवरच्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याला काम नाही. सोबत करणे हेच त्याचे काम, आणि त्यासाठीच माणसाने त्याला पिढ्यान्‌पिढ्या लहान करत आणले. पग हा चीनच्या राजदरबारचा. ल्हासा अप्सो तिबेटातल्या मठांचा नि घरांचा. पॉमेरेनियनचे नाव बाल्टिक समुद्रकाठच्या पोमेरेनिया प्रांताचे. त्याचे पूर्वज चांगले थोराड होते. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली फ्लॉरेन्सहून ‘मार्को’ नावाचा लहान चणीचा कुत्रा नेला, आणि पुढे लहानातल्या लहानाची चढाओढ लागली. १८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला. त्या लुटीतला एक छोटा कुत्रा याच राणीला नजर करण्यात आला आणि त्याचे नावच ‘लूटी’ पडले!

आपल्याकडे ही हौस आली ती पडद्यावरून. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ मधल्या पांढऱ्याशुभ्र ‘टफी’ने घरोघरच्या मुलांना वेड लावले. २००३ साली एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीत पोराच्या मागे मागे चालणारा पग आला, आणि पांढऱ्या कुत्र्याची जागा चपट्या नाकाने घेतली. जाहिरातीतले ते पोर हिरव्यागार वाटेने चालत होते. वसमत रस्त्यावर मे महिन्यात दुपारी दोन वाजता चालत नव्हते, हे मात्र कोणी ध्यानात घेतले नाही.

श्रोतेहो, जनावर निवडण्याचे शहाणपण मराठवाड्याला शिकवावे लागत नाही. लाल कंधारी आणि देवणी ही आपल्या भागाची गुरे. आपला शेतकरी बैल घेताना खूर पाहतो, दात पाहतो, कातडी चिमटीत धरून पाहतो. हे जनावर आपल्या उन्हात, आपल्या कडब्यावर निभेल का, हा त्याचा पहिला सवाल असतो. त्याच शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा शहरात बंगला बांधतो आणि कुत्रा घेताना फक्त चित्र पाहतो. बापाचा सवाल मुलाने विचारावा, एवढीच आमची विनवणी.

आता तो सवाल विचारून पाहू. परभणीला उन्हाळ्यात पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो, कधी त्याही पुढे. माणसाला घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी जवळजवळ पंजांपुरत्याच. तो निवतो तो धापा टाकून. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतला ओलावा वाऱ्यावर उडतो, तेवढाच त्याला गारवा. लांब नाकात ही ओली जागा पुष्कळ असते. पगाचे नाक माणसाने मुद्दाम आखूड केले. नाकपुड्या अरुंद, घशात मागे मऊ मांस सैल. म्हणजे ज्या भात्याने निवायचे तोच तोकडा. कुत्र्याच्या अंगाची नेहमीची उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ती १०५ च्या वर गेली की जिवावरचे दुखणे समजावे. पग, शिह त्झू यांना ते फार लवकर गाठते.

तेव्हा नवे पिल्लू आणायचे असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: चपटे नाक टाळा. आपण ज्याला सरसकट ‘पामेरियन’ म्हणतो तो बहुधा भारतीय स्पिट्झ असतो. त्याचे नाक निमुळते आणि तो या हवेत बराच रुळलेला. त्याहून धडधाकट सोबती हवा असेल तर गल्लीतले गावठी पिल्लू आहेच. ते मांडीवर मावणार नाही, पण उन्हाला पुरून उरेल.

ज्यांच्या घरी पग आधीच आहे त्यांनी त्याला टाकायचे का? मुळीच नाही! त्याला सांभाळायचे. उन्हाळ्यात फिरणे सूर्य उगवायच्या आत आणि रात्री फरशी निवल्यावर. आपल्या तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे. बंद मोटारीत पाच मिनिटेही सोडू नये. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. स्पिट्झच्या अंगावरचे दाट केस उन्हाळा आला म्हणून मुळापासून कापू नयेत. ते ऊनही अडवतात. रोज विंचरावेत, आणि विंचरताना गोचीड शोधावेत. गोचीडतापाने कितीतरी कुत्री दगावतात. आणि धाप थांबेना, जीभ गडद झाली, पाय लटपटले, तर आधी सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि मग दवाखाना गाठावा. हा क्रम चुकवू नये.

आमच्या भगिनींना स्वयंपाकघरापुरते एक सांगतो. लाडाने कुत्र्याला सर्व काही भरवण्याची आपली रीत आहे. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतो. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडावर जातात. चॉकलेट विषासारखे. भाजीची फोडणी त्याच्या ताटात नको. ग्लुकोजची बिस्किटे म्हणजे त्याला लठ्ठ करण्याचा सोपा मार्ग, आणि लठ्ठ पगाला श्वास आणखीच अपुरा पडतो. लहान चणीच्या कुत्र्याचे गुडघे सरकतात आणि दात लवकर किडतात. जिन्यावरून उड्या मारू देऊ नयेत, दात घासावेत.

लसीची गोष्ट मात्र हौसेची नाही, कर्तव्याची आहे. जगात पिसाळरोगाने जितकी माणसे मरतात त्यांतली सुमारे तिसरा हिस्सा आपल्या देशात मरतात. पाश्चरने १८८५ साली लस टोचून एका मुलाला वाचवले, त्याला आता १४० वर्षे होऊन गेली. तरी आपण मरतो आहोत ही शरमेची गोष्ट आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की लस, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. ‘आमचा घराबाहेर जातच नाही’ ही सबब चालणार नाही. आणि कोणताही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची काही लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. परभणीकरांनी तर सबब सांगूच नये. आपल्या गावात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि पशुवैद्यक महाविद्यालयही आहे; २००० साली नागपूरला पशुविद्यापीठ झाल्यावर ते त्याच्याकडे गेले, पण दार गावातच राहिले.

पिल्लू विकत घेणाऱ्यांनी कायदाही जाणावा. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाराची नोंदणी असावी लागते. आईचे दूध सुटायच्या आत टोपलीतून आणलेले पिल्लू स्वस्त पडते, पण पुढे दवाखान्यात ते महाग होते.

मंडळी, हा प्राणी बारा ते पंधरा वर्षे जगतो. ज्या मुलाच्या हट्टापायी तो घरात येतो, ते मूल पाचवीतून निघून संभाजीनगरला नाही तर पुण्याला शिकायला जाते. मागे राहतात आई-वडील आणि म्हातारा होत चाललेला कुत्रा. पुष्कळ घरांत त्याची खरी सोबत तेव्हाच सुरू होते. संध्याकाळी फाटकाशी वाट पाहणारे घरात दुसरे कोणी नसते. आणि काही घरांत त्याला नेमके तेव्हाच लांब नेऊन सोडून देतात. आखाड्यावरचा कुत्रा सोडला तर कसातरी जगेल. मांडीवरचा दोन दिवसही काढणार नाही, कारण त्याला जगायला लागणारे सगळे आपणच त्याच्याकडून काढून घेतले आहे: नाक, पाय, कातडी, शिकार. बदल्यात आपण फक्त एक शब्द दिला, की तुला सांभाळू. तो शब्द पंधरा वर्षे पुरवता येईल का, याचा जाब आधी स्वतःला द्यावा, आणि मगच पिल्लाला हात लावावा.