पाहतो कोण – डोळा की मन?



डोळे उघडले की दिसते, हा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. त्यासाठी कोणालाही परिश्रम करावे लागत नाहीत. म्हणून दृष्टी ही निसर्गाने जन्मतःच हाती ठेवलेली आयती देणगी आहे असे वाटते. डोळ्याच्या बाहुलीतून प्रकाश आत जातो, नेत्रभिंग तो एकत्र आणते आणि मागच्या दृष्टिपटलावर समोरच्या वस्तूची उलटी प्रतिमा उमटते. केप्लरने १६०४ साली हे स्पष्ट केले. आज शाळेतला विद्यार्थीही ही आकृती वहीत काढतो. परंतु आकृती जेथे संपते, तेथेच खरा प्रश्न सुरू होतो. दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात; मेंदूकडे जाणारे तंतू मात्र साधारण १० लाखच. म्हणजे डोळा मेंदूकडे चित्र धाडीत नाही, निवडलेल्या खुणा धाडतो. त्या खुणांमधून ‘हे झाड’, ‘ही आई’ असा अर्थ लावणारा कोण? आणि हा अर्थ लावण्याची विद्या त्याला उपजत असते की ती शिकावी लागते?

१६८८ साली डब्लिनच्या विल्यम मॉलिनो या विद्वानाने हा प्रश्न मोठ्या मार्मिकपणे विचारला. त्याच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जन्मांध मनुष्याने केवळ स्पर्शाने घन आणि गोल यांतील भेद ओळखायला शिकले आहे. त्याला अचानक दृष्टी लाभली, तर हात न लावता, नुसते पाहून तो घन कोणता आणि गोल कोणता हे सांगू शकेल काय? तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न घेतला आणि ‘नाही’ असे उत्तर दिले. मॉलिनोचेही उत्तर तेच होते. पुढे १७२८ साली लंडनच्या चेसेल्डन या शल्यवैद्याने मोतीबिंदू काढलेल्या सुमारे १३ वर्षांच्या मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या मुलाला घरातले मांजर आणि कुत्रे नजरेने ओळखता येईनात. अखेर त्याने मांजर उचलून नीट चाचपले, निरखून पाहिले आणि ‘आता पुन्हा ओळखीन’ असे तिलाच सांगून टाकले.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाच्या अगदी जवळचा विचार फार पूर्वी झाला आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांतील तिसऱ्या अध्यायाचा आरंभच त्याने होतो. जी वस्तू डोळ्यांनी पाहिली तीच आता हाताने स्पर्शिली, असे मनुष्य निःशंकपणे म्हणतो. डोळ्याला स्पर्श कळत नाही आणि त्वचेला रूप दिसत नाही. तेव्हा ‘तीच वस्तू’ असे म्हणणारा या दोहोंहून वेगळा असला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद. तेथून ते आत्म्याच्या सिद्धीकडे जातात. मॉलिनोला मात्र ही ओळख कशी घडते एवढेच जाणून घ्यायचे होते. दोन्हींचे प्रयोजन निराळे आहे. म्हणून ‘आमच्याकडे हे सारे आधीपासूनच होते’ असे सांगून टाळी घेण्यात अर्थ नाही. डोळ्यातून तेज बाहेर पडते आणि वस्तूला जाऊन भिडते, असेही याच परंपरेने मानले होते, आणि ते चूक ठरले. परंतु इंद्रिय आणि ज्ञाता यांच्यामध्ये काही घडावे लागते, ही जाण आपल्या चिंतनात खोल रुजलेली होती, एवढे प्रांजळपणे म्हणता येते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूवरील शलाकाकर्माचे वर्णन आहे. त्यात गढूळ भिंग काढले जात नसे, बाजूला सारले जाई. आजच्या शस्त्रक्रियेशी त्याची तुलना होऊ शकत नाही, तरी ‘गेलेली दृष्टी परत आणता येईल’ हा विश्वास त्यामागे आहे.

विसाव्या शतकात या विश्वासाला विज्ञानाकडूनच धक्का बसला. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा जन्मानंतरचे काही आठवडे शिवून बंद ठेवला. पुढे टाके काढल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूतील पेशी त्याला जवळजवळ प्रतिसादच देत नव्हत्या. या संशोधनमालिकेला १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदू घडण्याचा एक ठराविक काळ असतो आणि तो टळला की दार बंद होते, असा बोध त्यातून घेतला गेला. तो चुकीचा नव्हता, पण व्यवहारात त्याचा परिणाम कठोर झाला. सात-आठ वर्षांच्या जन्मांध मुलाला घेऊन आलेल्या पालकांना ‘आता उशीर झाला’ असे सांगितले जाऊ लागले. खेड्यातल्या बापाने मग ते मुलाचे प्रारब्ध मानले, यात नवल ते काय?

पवन सिन्हा यांचे नाव येथे आदराने घ्यावे लागते. दिल्लीच्या आयआयटीत शिकून ते अमेरिकेतील एमआयटीत गेले आणि तेथेच दृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक झाले. २००२ च्या हिवाळ्यात ते दिल्लीत आले असता, रस्त्यातील चौकात एका गरीब बाईसोबत डोळ्यांत मोतीबिंदूचे पांढरे सावट असलेले बालक त्यांना दिसले. परदेशी गेलेले बुद्धिवंत मायदेशी येतात आणि असे दृश्य पाहून हळहळतात. बहुतेकांचे तेवढ्यावरच भागते. सिन्हा यांनी मात्र दरियागंजच्या डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलला सोबत घेतले आणि ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उभा केला. उत्तर भारतातील खेड्यांत जन्मांध मुलांचा शोध घ्यायचा, त्यांच्यावर विनामूल्य शस्त्रक्रिया करायची आणि दृष्टी आल्यावर मेंदू पाहायला कसा शिकतो याचा अभ्यास करायचा, असे या कार्याचे स्वरूप आहे.

एक शंका कोणाच्याही मनात येईल. हा गरिबांच्या मुलांवरचा प्रयोग तर नव्हे? प्रयोगशाळेत मांजरीच्या पिलांची दृष्टी संशोधकांनी हिरावली होती. या मुलांची दृष्टी कोणा शास्त्रज्ञाने हिरावली नव्हती. वेळेवर होऊ शकणारी शस्त्रक्रिया त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, हा दोष सर्वस्वी समाजाचा होता. संशोधकांनी तो दोष दूर करता करता ज्ञान मिळविले.

२०११ मध्ये या गटाने मॉलिनोच्या प्रश्नाची थेट परीक्षा घेतली. ८ ते १७ वर्षे वयाची पाच मुले, शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत. मुलांच्या खेळण्यातील ठोकळ्यांसारख्या आकारांच्या २० जोड्या केल्या होत्या. स्पर्शाने कळलेला आकार पुन्हा स्पर्शाने ओळखण्यात मुले ९८ टक्के अचूक ठरली. डोळ्यांनी पाहिलेला डोळ्यांनीच ओळखण्यात ९२ टक्के. पण हाताने चाचपलेला आकार नजरेने ओळखायला सांगितले तेव्हा यश ५८ टक्क्यांवर आले. दोहोंपैकी एक डोळे मिटून निवडला तरी ५० टक्के उत्तरे बरोबर येतातच. तीन शतकांनंतर लॉकचे ‘नाही’ खरे ठरले.

आणि लगेच त्यापुढची गोष्ट घडली. काही मुलांची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा ती हे जुळविणे शिकली होती, एका मुलाच्या बाबतीत तर अवघ्या पाच दिवसांत. कोणी शिकवणी घेतली नव्हती. घरातले भांडे हातात घेता घेता, पायरी उतरता उतरता हात आणि डोळा यांची आपसात ओळख झाली. जे दार बंद झाले म्हणून समजले जात होते, ते किलकिले तरी होतेच.

नव्याने दृष्टी आलेल्याला नेमके दिसते काय? नैयायिकांनी प्रत्यक्षाचे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे दोन प्रकार मानले आहेत. नुसते ‘काहीतरी आहे’ हे पहिले. ‘हे अमुक आहे’ हे दुसरे. जन्मतः नेत्रभिंग नसलेल्या एका २९ वर्षांच्या तरुणाला २००४ मध्ये चष्मा मिळाला. त्याची अवस्था या पहिल्या प्रकाराची आठवण करून देणारी होती. चित्रातील रंगाचा प्रत्येक डाग त्याला स्वतंत्र वस्तू वाटे. चेंडू आणि त्याची सावली यांतला फरक कळत नसे. एकमेकांवर आलेला चौकोन आणि वर्तुळ त्याला वेगळे काढता येत नसे. पण तेच आकार हलविले की ते त्याला स्पष्ट उमगत. जे एकत्र हलते ते एक, हा मेंदूचा पहिला पाठ दिसतो. दीड वर्षांत त्याला स्थिर चित्रेही बऱ्यापैकी उलगडू लागली.

तरी सारेच शिकण्यावर अवलंबून आहे असे म्हणावे, तर २०१५ चा एक निष्कर्ष आडवा येतो. रेल्वेच्या रुळांप्रमाणे दूर जाताना जवळ येणाऱ्या दोन रेषांमध्ये सारख्या लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या, तर वरची मोठी भासते. हा भ्रम अनुभवातून येतो असे मानले जाई. ८ ते १६ वर्षांच्या नऊ मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच ही आकृती दाखविली. ज्यांनी रूळ कधी पाहिलेच नव्हते, तीही मुले फसली! तेव्हा मेंदू अगदी कोरी पाटी घेऊनही येत नाही.

उशिराचे मोल मात्र द्यावे लागतेच. नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही आणि चेहरे ओळखणे अनेकांना अवघड राहते. तान्ह्या बाळाला आरंभी सारे धूसर दिसते आणि रंगांची जाणही तोकडी असते. ही उणीव नसून पाहण्याच्या शिक्षणाचा तो आवश्यक पहिला टप्पा असावा, असे २०१८ आणि २०२४ च्या अभ्यासांतून पुढे आले आहे. उशिरा दृष्टी लाभलेली मुले हा टप्पा वगळून एकदम वरच्या इयत्तेत येऊन बसतात. रंगीत चित्रातील वस्तू ती चांगल्या ओळखतात. तेच चित्र कृष्णधवल केले की अडखळतात. असे असले तरी, वयाच्या १२ व्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या एका भारतीय स्त्रीची सुमारे २० वर्षांनंतर तपासणी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींनुसार तिची नजर मंद होती, पण वस्तू आणि माणसे ओळखण्याची बहुतेक कामे तिला साधत होती.

वस्तीत काम करणाऱ्यांनी या विज्ञानातून उचलण्याजोगे काम अगदी साधे आहे. बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरट दिसत असेल, फ्लॅश लावून काढलेल्या छायाचित्रात एक डोळा तांबूस आणि दुसरा पांढरा उमटत असेल, बाळ दोन-तीन महिन्यांचे होऊनही आईच्या चेहऱ्यावर नजर ठरवीत नसेल, तर त्याला त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. पांढरी बाहुली हे डोळ्याच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते, म्हणून ‘मोठा झाल्यावर पाहू’ हे उत्तर चालत नाही. जन्मजात दाट मोतीबिंदू पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत निघणे उत्तम. गरोदरपणी आईला झालेला रुबेला हे अशा मोतीबिंदूचे एक कारण आहे, आणि गोवर-रुबेलाची लस २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात विनामूल्य मिळते. आणि एखाद्या घरी दहा वर्षांचे मूल अंगणाच्या कोपऱ्यात बसलेले आढळले, त्याच्या डोळ्यांत पांढरे सावट दिसले आणि घरच्यांनी ‘आता काय उपयोग’ असे म्हटले, तर दिल्लीतील त्या पाच मुलांची हकिगत त्यांना सांगावी आणि तपासणीची तारीख ठरवूनच तेथून उठावे.