सीपीयूवर चहा सांडला, आणि माझं बोट चुकीच्या बटणाकडे गेलं

हेडफोन लावलेत? मग ऐका. आजचा किस्सा ओझरचा, माझ्याच घरचा आहे. आणि त्यात येडेपणा करणारा मीच आहे.

फेब्रुवारी महिना, म्हणजे आमच्याकडे द्राक्षाचा ऐन हंगाम. पप्पा दिवसभर बागेत. घरच्या डेस्कटॉपवर त्यांची एक एक्सेल फाइल होती. कुठल्या प्लॉटला कुठल्या तारखेला कोणतं औषध फवारलं, किती प्रमाणात, आणि खाली व्यापाऱ्याकडून यायचे राहिलेले पैसे. युरोपात माल पाठवायचा तर अपेडाच्या ग्रेपनेटवर प्लॉटची नोंदणी लागते, द्राक्षात औषधाचा अंश किती उरलाय हे लॅबमध्ये तपासतात. त्यामुळे फवारणीचा हिशोब म्हणजे खेळ नाही. आणि ती फाइल दुसरीकडे कुठेही नव्हती. मोबाइलमध्ये नाही, पेनड्राइव्हवर नाही. हो, माहितीये, नका बोलू.

तर मी चहाचा कप कॅबिनेटवर ठेवला. आपल्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, त्याच्या डोक्यावर. वर पंख्याची जाळी. कोपर लागलं, अर्धा कप आत. स्क्रीन काळी.

मला वाटलं, बंद पडला म्हणजे आता धोका टळला. वरून पुसू आणि चालू करून बघू. बोट बटणापर्यंत गेलं होतं, तेवढ्यात शेजारचे काका दारातून ओरडले, "अरे, बटणाला हात लावू नको! आधी सप्लाय तोड!" काका एचएएलमधून रिटायर झालेले. ओझरबाहेरच्यांसाठी सांगतो, १९६४ मध्ये इथे मिग विमानांसाठी तो कारखाना आला, म्हणून आमच्या गावाला लोक अजून ओझर मिग म्हणतात.

काकांचं म्हणणं साधं होतं. नुसत्या ओलीने बोर्ड सहसा मरत नाही. ओल आणि वीज एकत्र आली की मरतो. आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटर "बंद" असला तरी वीज बंद नसते. पिन भिंतीत आहे तोवर एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्ट देतच राहतो, त्याशिवाय बटण दाबल्यावर त्याला कळणार कसं? पिन काढली तरी बोर्डवर तो गोल सेल असतोच, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. ओल्या बोर्डवर तेवढाही करंट तांब्याच्या रेषा हळूहळू खातो. दागिन्याला मुलामा देतात ना, तीच क्रिया, फक्त इथे आपल्याच बोर्डवर.

म्हणून आधी भिंतीवरचं बटण बंद, मग पिन बाहेर. एक्स्टेन्शन बोर्डच ओला झाला असेल तर त्याला हातही लावायचा नाही, सरळ मीटरजवळचा मेन स्विच पाडायचा. पिन काढल्यावर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, म्हणजे बोर्डवर साठलेली वीज निघून जाते. मग झाकण उघडलं, सेल काढला, रॅम काढली, हार्ड डिस्क काढली.

डिस्क खाली होती, कोरडी ठणठणीत. ती मित्राच्या लॅपटॉपला युएसबी केबलने जोडली आणि सगळ्यात आधी फाइल कॉपी केली. तोपर्यंत मी पप्पांना काहीच सांगितलं नव्हतं, हे आत्ता पहिल्यांदा सांगतोय.

आता चहा. साधं पाणी असतं तर नुसतं वाळवलं असतं. पण चहात साखर आणि दूध, वाळलं तरी चिकट थर राहतो आणि पुढे दमट हवेत तोच त्रास देतो. मेडिकलमधलं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं. पण त्यात साखर नीट विरघळत नाही! म्हणून आधी बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी, ॲसिड नव्हे, आणि मऊ ब्रश. त्यानंतर अल्कोहोल, ते उरलेलं पाणी घेऊन उडून जातं. मग दोन दिवस टेबल फॅनसमोर. हेअर ड्रायर नको. तांदळाचा डबा तर नकोच, तो भातासाठी ठेवा.

एसएमपीएसमध्ये चहा गेला असता तर तो उघडला नसता, नवा आणला असता. २३० व्होल्टचा सप्लाय आत सव्वातीनशेच्या आसपास जातो, आणि पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही वेळ टिकून राहतो. तिथे हिरोगिरी नाही.

तिसऱ्या दिवशी सगळं एकदम जोडलं नाही. बोर्ड, प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी, बस. पंखा फिरला, स्क्रीन काळीच, आणि बीप-बीप-बीप. पोटात गोळा! पण बीप येतोय म्हणजे बोर्ड जिवंत आहे आणि बहुतेक रॅमची तक्रार करतोय. पुन्हा पिन काढली, रॅमचे सोनेरी दात खोडरबरने हलके घासले, खाचेत परत अल्कोहोल. चालू केला, तर तारीख-वेळ विचारायला लागला. सेल काढल्यामुळे विसरला होता बिचारा.

पुढचे दोन युएसबी पोर्ट मात्र गेले ते गेलेच. त्यांच्यावर चिकटपट्टी मारलीय. पप्पांनी विचारलं, ही कशाला? म्हटलं, धूळ जाते आत.