दुःखिताने करावयाचे नाटक

मराठी माणसाला नाटकाचे वेड आहे हे सांगण्यासाठी आकाशवाणीची आवश्यकता नाही. इंदूर-बडोद्यापासून बेळगाव-गोव्यापर्यंत जेथे आपली वस्ती झाली, तेथे गणपतीचा मांडव पडला, आणि मांडवात नाटकही झाले. करुण प्रवेश पाहून डोळे पुशीत घरी जाणारा प्रेक्षक येतानापेक्षा काहीसा हलका होऊन जातो, हा अनुभवही जुनाच. नाट्य हे दुःखितांना, श्रांतांना, शोकाकुलांना विसावा देणारे आहे, असे नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. ॲरिस्टॉटलही करुणा आणि भीती यांच्या विरेचनाविषयी बोलतो. परंतु या विचाराचा रोख मुख्यतः प्रेक्षकावर आहे. दुःखितालाच रंगमंचावर उभे केले तर?

हा प्रश्न व्हिएन्नातील जेकब मोरेनो या डॉक्टराने प्रत्यक्षात आणला. १९२० नंतरच्या काही वर्षांत त्याने तेथे संहितेवाचूनचे नाटक चालविले. त्यात सोज्वळ भूमिका करणारी एक नटी होती. मोरेनोने तिचे नाव बार्बरा असे दिले आहे. तिचा पती एके दिवशी कळवळून सांगू लागला, की ही देवता घरी मात्र राक्षसीण होते. मोरेनोने उपदेश केला नाही. त्याने तिला रस्त्यावरील एका वेश्येची भूमिका दिली. बार्बरा मंचावर ओरडली, शिव्या मोजल्या, मारावयास धावली. पुढे घरात राग आला, की मधेच तिला आपलाच प्रवेश आठवे आणि हसू फुटे. नंतर पतीलाही मंचावर घेऊन त्या दोघांच्या घरातील प्रसंग उभे केले गेले.

मोरेनो १९२५ मध्ये अमेरिकेस गेला, आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कजवळील बीकन या गावी त्याने रुग्णालय काढले. तेथे रंगमंचही उभारला. त्याच्या पद्धतीतील मला सर्वांत मोलाची वाटते ती भूमिकांची अदलाबदल. समजा, वडिलांच्या अखेरच्या क्षणी पोहोचू न शकलेला एक मुलगा आहे. त्याच्यासमोर रिकामी खुर्ची ठेवतात. तिच्याशी तो बोलतो, भांडतो, क्षमा मागतो. येथवर हे निव्वळ रडणे झाले, आणि तेवढे आपण घरीही करतो. मग त्याला सांगतात, आता तू त्या खुर्चीवर बस, आणि वडील होऊन उत्तर दे. आजवर जो बाप केवळ आरोप करीत आठवणीत उभा होता, त्याच्या मुखाने बोलताना मुलाला प्रथमच बापाच्या बाजूचे शब्द सुचू लागतात. ते शब्द त्याचेच. पण मुलगा म्हणून ते त्याला कधी सापडले नसते.

काहींना स्वतःची कथा उघडपणे मांडणे सोसत नाही. त्यांच्यासाठी नाट्योपचाराची दुसरी वाट आहे. तेथे मुखवटा, पुराणकथा, कल्पित पात्र यांचा आडोसा घेता येतो. मूल गमावलेली आई स्वतःविषयी मुकी असेल, पण गांधारी म्हणून बोलेल. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी साधारणीकरण म्हणून जे सांगितले, त्याच्याशी याचे नाते दूरचे नसावे.

मात्र बार्बराची कथा मी अर्ध्यावर सोडली, आणि तसे करणे योग्य नव्हे. तिचा पती म्हणजे कवी गेओर्ग कुल्का, असे पुढे अभ्यासकांनी ओळखले. त्याने १९२९ मध्ये आत्महत्या केली. या विद्येचे आरंभीचे यश म्हणून सांगितले जाणारे हेच ते घर! म्हणून एवढ्या तेवढ्या हौसेवर कोणाची जखम मांडवात उघडी करू नये. हे काम शिकलेल्या माणसाचे आहे, आणि जेथे औषध हवे तेथे औषधच हवे.

जाणकार उपचारक नाटक संपताच माणसाला घरी धाडीत नाही. पाहणारे आपापले अनुभव सांगतात. सल्ला कोणी देत नाही. भूमिका करणारा ती मोठ्याने उतरवून ठेवतो: मी आता तुमचा बाप नाही, मी अमुक. शेवटी ती रिकामी खुर्ची उचलून भिंतीशी, इतर खुर्च्यांच्या रांगेत लावतात.