तिघांचा दणका: द लाइटइयर्स एक्स्प्लोड

जानेवारी 2025मध्ये कोल्डप्लेसाठी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर लोटलेली गर्दी नवी मुंबईकरांना आठवत असेल. खाडीपलीकडच्या मुंबईतल्या 'द लाइटइयर्स एक्स्प्लोड' या पॉप-पंक बँडच्या वाट्याला एवढं कौतुक कधी आलं नाही. यायला हवं होतं.

गिटार आणि गायन सौरभ रॉय, बेस शालोम बेंजामिन, ड्रम्स आरोन कार्व्हालो. बस्स, तिघंच! 2013मध्ये त्यांचा 'द रिव्हेंज ऑफ कालीचरण' हा अल्बम आला. नाव ऐकताच सुभाष घईंचा 1976चा 'कालीचरण' चित्रपट आठवतो.

पॉप-पंकची रीत तशी सोपी. मूळ सूर आणि त्याचा पंचम, एवढ्यावर पॉवर कॉर्ड उभा राहतो. कडव्यात तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा. ध्रुवपद आलं की हात उचलायचा, गिटार मोकळी सोडायची. ऐकणारा तिथेच सापडतो. अमेरिकेच्या ग्रीन डे बँडने 1994च्या 'डूकी' अल्बममधून हीच रीत जगभर नेली. सौरभच्या गाण्यांत मात्र आपल्याकडच्या शहरी तरुणाची चिडचिड आहे, आणि ती अस्सल वाटते.

'द रिव्हेंज ऑफ कालीचरण' पहिल्या गाण्यापासून सलग ऐका. आवडला, तर पुढचं तिकीट मुंबईतल्याच एखाद्या छोट्या बँडचं काढा.