‘अफीअर्ड’ : एका पदच्युत शब्दाची हकीकत

श्रोतेहो, ‘भ्यालेला’ या अर्थीं इंग्रजींत आज आपण ‘अफ्रेड’ हा शब्द योजतों. शेक्सपिअरचीं नाटकें वाचणाऱ्यास मात्र त्याच अर्थाचा ‘अफीअर्ड’ हा शब्द वारंवार भेटतो. हा ‘अफ्रेड’चाच खेडवळ अपभ्रंश असावा, असें विद्यार्थ्यांस वाटतें. पण तसें नाहीं. या दोन शब्दांचीं कुळें अगदीं निराळीं आहेत.

‘अफीअर्ड’ हा अस्सल प्राचीन इंग्रजी शब्द. त्यांतील ‘फीअर’चा मूळ अर्थ मनांतील भीति असा नसून अकस्मात् कोसळलेलें संकट असा होता. अशा संकटानें ज्याला गांठलें, तो ‘अफीअर्ड’. ‘अफ्रेड’ हा १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या वाटेनें आलेला. त्याच्या मुळाशीं शांततावाचक एक जुना जर्मानिक शब्द आहे. ज्याची शांति हिरावली गेली, तो ‘अफ्रेड’. त्याचा सख्खा भाऊ ‘अफ्रे’ आपल्या कायद्याच्या इंग्रजी पाठांतही आहे. सार्वजनिक जागीं मारामारी करून शांतता बिघडविणें, हा तो गुन्हा. १८६० च्या दंडसंहितेंत त्याचें कलम १५९ होतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तें १९४ आहे.

चौदाव्या शतकांतील कवि चॉसर यानें ‘शिपमन्स टेल’मधील व्यापाऱ्याच्या बायकोचें धैर्य सांगतांना हे दोन्ही शब्द एकाच ओळींत योजिले आहेत. शेक्सपिअरच्या नाटकांत लेडी मॅकबेथ ही सरदारपत्नी नवऱ्याला डिवचते, ती ‘अफीअर्ड’ या शब्दानें. आणि ‘टेंपेस्ट’मधील दास कॅलिबन अदृश्य वाद्यांच्या नादानें दचकलेल्या सोबत्यांना धीर देतो, तोही त्याच शब्दानें. म्हणजे थोरांच्या व हलक्यांच्या तोंडीं तो सारखाच शोभत होता.

सन १७०० नंतर ग्रंथकारांनीं त्याला सोडलें. खेड्यापाड्यांत व अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागांत तो टिकून राहिला, आणि मग सुशिक्षित त्याला अशुद्ध म्हणूं लागले. पुढें २७ जुलै २०१२ रोजीं लंडनच्या ऑलिंपिक उद्घाटनांत केनेथ ब्रॅना या नटानें कॅलिबनचें तेंच भाषण म्हटलें, आणि तेथील प्रचंड घंटेवरही हा शब्द कोरलेला होता.

विद्यार्थ्यांनीं आज लिहितांना ‘अफ्रेड’च लिहावें. तोही क्रियापदानंतर ठेवावा. ‘भ्यालेला मुलगा’ असें नामापूर्वीं म्हणावयाचें असल्यास ‘फ्राइटन्ड’ हा शब्द घ्यावा. मात्र जुन्या पुस्तकांतील ‘अफीअर्ड’ खोडूं नये.

श्रोतेहो, हें मी शब्दाच्या कौतुकाकरितां सांगत नाहीं. खेड्यांतून आलेला मुलगा वर्गांत घरचा शब्द बोलतो, बाकीचे हंसतात, आणि पुढें तो वर्षभर तोंड उघडीत नाहीं, हें मीं शिक्षकाच्या धंद्यांत अनेकदां पाहिलें आहे. त्या मुलावर संकटही कोसळतें आणि त्याची शांतिही जाते. दोन्ही शब्द त्याला एकदम लागू पडतात. त्याच्या आजीचा शब्द कदाचित् आपल्या पुस्तकी शब्दाहून जुना असेल. म्हणून आईबापांस व शिक्षकांस माझें एवढेंच सांगणें आहे कीं, मुलाला प्रमाण शब्द अवश्य शिकवा. पण त्याच्या घरच्या शब्दाला अशुद्ध ठरविण्यापूर्वीं त्याचें कूळ विचारा.