पाव टनाचा ट्रक आणि ऐंशीचा काटा
(स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘जुन्या लष्करी गाडीचा वेग कसा वाढवावा’ असा विषय छापलाय. तो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपने ठरवला. ज्या बाई आणि सर त्या ग्रुपवर नाहीत (आणि ते त्यांचं भाग्यच आहे), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या एका मित्राने त्याच्या वडिलांची जीप तुकडीला वापरायला दिली आहे. महिंद्राची सीजे-३बी, लष्कराच्या लिलावातून आलेली, आरसी बुकात पहिली नोंद १९७४ सालची. त्याची अट एकच आहे: शोभेला उभी करू नका, चालवा. आपण वर्गणी काढली. ती आता ताशी ४० ते ४५ च्या वर जात नाही आणि लगेच मतदान सुरू झालं. एका गटाला नवं डिझेल इंजिन हवंय, दुसऱ्याला रुंद टायर आणि पॉवर स्टीअरिंग. बाकीच्यांचं म्हणणं, काहीही करा, पण गाडी १०० ने लोणावळ्याला गेली पाहिजे. मग कोणीतरी लिहिलं, ‘ती इंजिनिअर आहे ना, तिला विचारा.’

मी सॉफ्टवेअरवाली. पण गेले काही महिने शनिवारचा दिवस मुलुंडच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून काढलाय. तिथे जे पाहिलं आणि त्यासाठी जे वाचलं, त्यावरून आपला पैसा कुठे घालावा हे सांगायला उभी आहे.

आधी ही गाडी कशासाठी जन्मली ते पाहू. आपण तिला जीप म्हणतो, पण अमेरिकन लष्कराच्या कागदावर हिच्या मूळ अवताराचं नाव होतं ‘ट्रक, पाव टन, ४×४’. म्हणजे ती ट्रकच, फक्त पाव टनाचा. १९४० साली लष्कराने मागणी काढली, तेव्हा गाडी सपाट रस्त्यावर ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर धावावी अशी अट होती. तिच्याबरोबरच आणखी एक अट होती: पायी चालणाऱ्या सैनिकांच्या वेगाने, ताशी ३ मैलांनीही, इंजिन न तापता ती चालत राहावी. पन्नासची अट कुठलीही मोटार पूर्ण करते. अवघड होती ती तीनची. चिखलात, चढावर, तोफ ओढत सावकाश चालण्यासाठी या गाडीचे सगळे दाते कापलेले आहेत.

तेव्हा तीन कंपन्या स्पर्धेत होत्या: बँटम, फोर्ड आणि विलिस. विलिसचं इंजिन ६० अश्वशक्तीचं, इतर दोघांची ४५ च्या आसपास. पण विलिसची गाडी वजनाच्या मर्यादेत बसेना. त्यांचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांच्यापुढे दोन रस्ते होते: हलकं इंजिन घ्यायचं किंवा बाकीची गाडी हलकी करायची. त्यांनी इंजिन ठेवलं. गाडी सुटी केली, प्रत्येक भाग तोलला, लांब बोल्ट आखूड केले, रंगाचे थरसुद्धा मोजले. म्हणजे ही गाडी पहिल्या दिवसापासून हिशेबाने बांधलेली आहे. आपण त्यात हात घालणार असू तर तो हिशेब निदान वाचायला हवा.

आपली सीजे-३बी ही त्याच कुळातली. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात सुट्या भागांची जोडणी करून जीप बनवायला सुरुवात केली आणि पुढे कांदिवलीच्या आकुर्ली रोडवरचा कारखाना हे तिचं घर झालं. बोरिवली-कांदिवलीकडच्या आपल्या मित्रांना भोंग्यावर घड्याळ लावणारे शेजारी आठवत असतील. मध्य रेल्वेवाल्यांनी रुसू नये, सिएटचे टायर भांडुपलाच बनत होते. एकूण ही गाडी आपल्या उपनगरांचीच लेक.

आता वेगाचं गणित. सीजे-३बीचं बॉनेट उंच का आहे ठाऊक आहे? जुन्याच २१९९ सीसीच्या ब्लॉकवर कंपनीने नवं हेड बसवलं. आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह वर गेला, इंजिन उंच झालं आणि शक्ती साठावरून सत्तरीच्या पुढे गेली. मग गाडी वेगवान झाली का? नाही. कारण युद्धातल्या जीपचं क्राऊन-पिनियन ४.८८ चं होतं, हिचं ५.३८ चं. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी टॉप गिअरमध्ये इंजिनाने पाच पूर्णांक अडतीस शतांश फेरे मारायचे. ६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ४५५ फेरे आणि इंजिनाचे सुमारे २,४५०. ताशी ८० ला ते होतात जवळपास ३,२६०. इंजिनाची पूर्ण शक्ती ४,००० फेऱ्यांवर मिळते आणि तो आकडा ताशी ९८ ला येतो. म्हणजे आपला १०० चा हट्ट या गिअरवर पुरा करायचा तर इंजिन कायम शेवटच्या टोकावर किंचाळत ठेवावं लागेल. इथे शक्तीचा प्रश्नच नाही, प्रश्न दात्यांचा आहे.

म्हणून डिझेलचा मुद्दा. १९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि देशभर पेट्रोल जीप उघडून त्यात डिझेल इंजिनं बसवली गेली. पुढे महिंद्रानेही प्यूजोचं डिझेल इंजिन घेतलं, ते इगतपुरीला बनू लागलं. ते सगळं खिशासाठी होतं, वेगासाठी नव्हतं. ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर काम करतं. ते ५.३८ च्या दात्यांना जोडलं तर सर्वाधिक वेग उलट उतरतो. मग क्राऊन-पिनियन बदला, तेही पुढचं-मागचं दोन्ही, नाहीतर फोर-व्हील टाकताच दोन्ही अॅक्सल एकमेकांशी भांडतील. जड इंजिनाने नाक खाली गेलं की पुढचे पाटे बदला. पाटे बदलले की स्टीअरिंगचा कोन बिघडतो. मी रोज ज्या जुन्या प्रणालींवर काम करते, तिथे हेच चालतं. एक ओळ बदलायची म्हणून बसावं, तर तिच्यावर भिस्त ठेवून वीस वर्षं निमूट चाललेल्या चाळीस जागा एकेक करून उठून उभ्या राहतात.

समजा, हे सगळं जमलं आणि गाडी ९० ने धावली. आता आपल्या विज्ञानाच्या सरांची आठवण काढू. अर्धा एम व्ही वर्ग. वेग साठावरून नव्वद झाला, दीडपट. ऊर्जा झाली सव्वादोनपट. ती सगळी ऊर्जा ब्रेकने उष्णता करून सोडायची आहे. हिला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळे एकाच मास्टर सिलिंडरवर. एक नळी फुटली की चारही गेले. ब्रेक उत्तम आहेत आणि गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने वेग मोडतोय असं धरू. चालकाचा पाय उचलायला एक सेकंद. ६० ला गाडी ४५ मीटरमध्ये थांबेल. ९० ला लागतील ८९ मीटर. आपल्या वर्गापासून मैदानाच्या फाटकापर्यंतचं अंतर डोळ्यासमोर आणा आणि फाटकात एखादं मूल आणा.

वारा तर याहून निर्दय. हवेला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. दीडपट वेगाला सुमारे ३.४ पट शक्ती. आणि आपल्या गाडीची पुढची काच म्हणजे उभी भिंत. त्यात चाकांमधलं पुढचं-मागचं अंतर फक्त ८० इंच. स्टीअरिंगचा जोर मधल्या एका बेलक्रँकमधून दोन टाय रॉडना जातो. ती पिन झिजली की गाडी रस्त्यावर नागमोडी जाते. आपली जाते. मिस्त्रींनी चाक हातात धरून हलवून दाखवलं. म्हणाले, ‘ताई, हिला चाळीसच्या वर नेऊ नका, ती स्वतःच सांगतेय.’ सबंध ग्रुपमध्ये एवढं शहाणं वाक्य मी वाचलेलं नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदीत नसलेलं इंजिन अपघातानंतर विम्याच्या सर्वेअरला पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. आत बसलेलो असू आपण.

उलट, २०२१ च्या जुलैत केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. आपली गाडी त्या वयाची झाली आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी: चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. म्हणजे इंजिन कापून बसवलं की तो दरवाजा आपण स्वतःच बंद केला. आणि व्हिंटेज नोंदणी घेतली की सहलीचा दरवाजा अरुंद झाला. मित्राची अट ‘चालवा’ अशी आहे. म्हणून माझं मत: साधी नोंदणी चालू ठेवावी, गाडी मूळ रूपात ठेवावी आणि व्हिंटेजचा निर्णय पुढच्या पिढीच्या हाती शाबूत द्यावा.

मग वेग वाढवायचाच नाही का? वाढवायचा. आधी तिने गमावलेला वेग तिला परत द्यायचा. ही गाडी आज ४५ वर अडते, कारण दोन सिलिंडरना कॉम्प्रेशन कमी आहे, कार्बोरेटर झिजलाय, मागचा एक ब्रेक चाकाला घासत राहतो आणि दोन टायर वेगळ्या मापाचे आहेत. यात बेकायदा काही नाही आणि महागही फारसं नाही. हे नीट केलं तर ती ६० ते ६५ ने दिवसभर हसत चालेल.

खर्चाचा क्रम मी असा सुचवते. आधी थांबणं: ड्रम लेथवर चढवून साफ, नवे लायनर, नव्या नळ्या, नवा मास्टर सिलिंडर. मग वळणं: बेलक्रँक, टाय रॉडची टोकं, किंगपिनच्या बेअरिंग, एकाच मापाचे पाच टायर. त्यानंतर चालणं: हेड खोलून व्हॉल्व्ह, कार्बोरेटर, रेडिएटर. जाणं सगळ्यात शेवटी. पैसे उरले तर सीटबेल्ट. रंगाला तेव्हाही उरणार नाहीत, याची खात्री बाळगा.

ज्यांचं ८० शिवाय समाधानच होणार नाही, त्यांच्यासाठीही एक वाट आहे. अमेरिकेत वॉर्न कंपनीने जीपसाठी ओव्हरड्राइव्ह बनवला होता. ट्रान्सफर केसच्या मागे बोल्टने बसतो, काही कापावं लागत नाही, इंजिनाचे फेरे २५ टक्क्यांनी उतरतात. म्हणजे ८० ला इंजिन तेवढंच फिरेल जेवढं आज ६० ला फिरतं. उद्या काढला तर गाडी जशीच्या तशी. बदल करायचाच तर परत फिरवता येईल असा, हा माझ्या व्यवसायातला पहिला धडा आहे. मात्र आरटीओला विचारून, आणि पहिली दोन कामं झाल्यावरच.

शेवटी या घाईची किंमत काढू. मुलुंडहून लोणावळा ७५ किलोमीटर धरा. ६० च्या सरासरीने सव्वा तास, ८० च्या सरासरीने ५६ मिनिटं. १९ मिनिटं वाचतात. तीस वर्षांनी भेटणाऱ्या माणसांना ती १९ मिनिटं वाचवून नेमकं कुठे पोहोचायचंय?

तेव्हा ठराव मांडते: इंजिन तेच, चॅसीला कटर लागणार नाही आणि वर्गणीचा पहिला हप्ता ब्रेकला. जुन्या हायवेने, डाव्या लेनमधून जाऊ. पुढची सीट भूमितीच्या बाईंसाठी राखीव आहे, त्यांनी होकार दिलाय. ठरावाला अनुमोदन असेल त्यांनी हात वर करावा. आणि मिस्त्रींचे पैसे थकवू नयेत.