गोठ्यातली मुळाक्षरे



कामगार संघटनेत उभा जन्म घालवलेल्या माणसाला आपण व्याख्यानाला बोलावले, म्हणजे तो मजुरीचे दर, उचल आणि संप यांवरच बोलणार असे आपण गृहीत धरले असेल. ते विषय माझ्या जिव्हाळ्याचे आहेतच. परंतु आज मी चार-पाच वर्षांच्या मुलांना वाचनाची पहिली पायरी कशी चढवावी, आणि त्या कामी गाय, बैल, शेळी, कोंबडी यांचा उपयोग कसा होतो, या विषयावर बोलणार आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठांवर मोठमोठे विद्वान बोलत आले. मी विद्वान नाही. शाळा मला फार थोडी लाभली. जे शिकलो ते वजनाच्या पावत्या, कायद्याची पुस्तके आणि माणसे वाचून. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्याकडे पशू आणि विद्या यांची गाठ दोन तऱ्हांनी घातलेली आहे. एक म्हण आहे, गाढवापुढे वाचली गीता. आणि एक कथा आहे, ज्ञानदेवांनी पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदवले. म्हणीत जनावर ऐकत नाही, कथेत ते बोलते. मी कथेच्या बाजूचा माणूस आहे. रेडा बोलतो असे माझे म्हणणे नाही. रेड्याजवळ उभे असलेले पोर बोलू लागते, आणि पुढे वाचूही लागते, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

माझा स्वतःचाच दाखला देतो. माझे आईवडील ऊस तोडणारे. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार घालून कारखान्याची वाट धरायची आणि पाडव्याच्या सुमारास गावी परतायचे. आमच्या बैलजोडीचे नाव सर्जा आणि राजा. एका पोळ्याला माझ्या चुलत्याने गेरूने एकाच्या पाठीवर ‘सर्जा’ आणि दुसऱ्याच्या पाठीवर ‘राजा’ असे लिहिले. मला एकही अक्षर येत नव्हते. परंतु बैल मला येत होते! दिवसभर त्यांच्यामागे हिंडताना माझ्या ध्यानात आले की, दोघांच्या नावांची शेपटी सारखी आहे. दोन्हीकडे शेवटी तीच आकृती, आणि तोंडानेही दोन्हीकडे शेवटी ‘जा’च येतो. तोंडातला आवाज आणि पाठीवरची रेघ यांचे काही नाते आहे, हे मला त्या दिवशी कळले. वाचन म्हणजे मुळात हेच नाते. बाकीचे सगळे त्यावरचे बांधकाम.

हे नाते माझ्या वडिलांना कोणी दाखवले नव्हते. एका मुकादमाच्या वहीत त्यांनी उचलीच्या रकमेखाली अंगठा उमटवला. हाती आले त्याहून जास्त लिहिले होते, हे हंगाम संपल्यावर दुसऱ्या कोणी वाचून दाखवले. ती जादा रक्कम पुढच्या हंगामात चार माणसांच्या घामातून फिटली. तेव्हापासून अक्षर ही मला शोभेची वस्तू वाटत नाही. मजुरीच्या हिशेबातली ती पहिली ओळ वाटते.

ज्यांना हे जीवन ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसांना हत्याराच्या नावाने मोजण्याची ही रीत आहे. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या कोरडवाहू मुलखातून हे कोयते पाच-सहा महिन्यांसाठी बाहेर पडतात. आईबाप पहाटे फडात उतरतात आणि लहान मूल बांधावर, नाहीतर कोपीपाशी बैलांच्या सोबतीने राहते. आता ट्रॅक्टर वाढले, बैलगाड्या कमी झाल्या; तरी एखादी शेळी, दोन कोंबड्या बिऱ्हाडाबरोबर असतातच. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला हक्क दिला. परंतु मूल सहाव्या वर्षी शाळेत येते ते कोरे येत नाही. ज्याच्याशी कोणी बोलले, ज्याला कोणी चित्र दाखवले, ते मूल आणि ज्याने पाचटात दिवस काढले ते मूल एका बाकावर बसतात, आणि दुसरे मूल ‘मंद’ ठरते. ते मंद नसते. त्याच्याजवळ काय आहे, हे कोणी विचारलेले नसते.

हा प्रश्न ज्यांनी पहिल्याने विचारला त्यांची आठवण येथे केली पाहिजे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहू नये म्हणून १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ असलेला अंगणवाडी हा शब्द त्यातूनच पुढे आला. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी कोसबाडला कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत आणि मुले शिकत आहेत! जनावर हा शाळेतला अडथळा न मानता त्याच्याजवळच शाळा मांडण्याची ही कल्पना मला फार मोठी वाटते.

आता प्रत्यक्ष शिकवावे कसे? आमच्या संघटनेने कारखान्याजवळच्या तळावर एका शिक्षिकाबाईंच्या मदतीने काही हंगाम लहान मुलांचा वर्ग चालवला. मी ओझी वाहिली, पाणी भरले आणि बसून पाहिले. त्यातून जे उमगले ते सांगतो.

पहिली पायरी बोलण्याची. पाटी-पेन्सिल लपवून ठेवावी आणि मुलांना बोलू द्यावे. गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, कुत्रा भुंकतो, कोंबडा आरवतो. सगळ्यांना ‘ओरडतो’ हे एकच क्रियापद लावणारे मूल पुढे वाचताना अडखळते, कारण ओळखीचा शब्दच त्याच्याजवळ नसतो. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू. आणि एक गंमत पाहा. तो बैल, ती गाय, ते वासरू. तो बोकड, ती शेळी, ते करडू. मराठी व्याकरणाची तीन लिंगे एका गोठ्यात शेजारी शेजारी बांधलेली आहेत. ज्या मुलाची घरची बोली वेगळी आहे, त्यालाही ती येथे न रागावता शिकवता येतात.

दुसरी पायरी कानाची. शब्दाचे तुकडे टाळीवर पाडावयाचे. शे-ळी, दोन टाळ्या. घो-डा, दोन टाळ्या. में-ढी, रे-डा. आरंभ याच शब्दांनी करावा, कारण येथे जितके आवाज तितकीच अक्षरे. ‘बैल’ घेतला की घोटाळा होतो. लिहिताना अक्षरे दोन, परंतु बोलताना शेवटचा ‘अ’ आपण गिळतो आणि तोंड एकदाच पडते. ‘वासरू’ तीन अक्षरी, पण जीभ म्हणते ‘वास्-रू’. आमच्या वर्गातल्या एका मोठ्या मुलीने पाटीवर ‘वास्रू’ लिहिले, तेव्हा मी हसलो. बाईंनी मला गप्प केले. त्या म्हणाल्या, “दादा, हिचा कान बरोबर आहे. लिहिण्याची रीत अजून शिकायची आहे, इतकेच.” मूल चुकते तेव्हा बहुधा ते काहीतरी बरोबर ऐकत असते, हा धडा मी तेथे शिकलो.

तिसरी पायरी अक्षराची. आपण कोष्टकाच्या क्रमाने क, ख, ग, घ घोकून घेतो. ते कोष्टक थोर आहे, उच्चाराच्या शास्त्राप्रमाणे लावलेले आहे. परंतु ते मोठ्यांनी समजून घेण्याचे. लहान मुलाला ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची अक्षरे जवळ घेऊन शिकवणे सोपे, म्हणून तर ‘गमभन’ हा शब्दच आपल्याकडे मुळाक्षरांना रूढ झाला. गाय, गाढव, गोठा, गवत यांतून ‘ग’ येतो. कुत्र्याच्या ‘भू भू’तून ‘भ’ येतो. बाराखडीसुद्धा अंगणात सापडते: करडूचा ‘क’, कालवडीचा ‘का’, कुत्र्याचा ‘कु’, कोंबड्याचा ‘को’. अक्षर तेच, त्याला काना-मात्रा जोडली की आवाज कसा वळतो, हे मुलाला चार ओळखीच्या प्राण्यांवरून कळते.

‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून तक्त्यावर ‘ण’ बाणाचा आणि ‘ळ’ बाळाचा असतो. बाण आमच्या पोरांनी कधी पाहिलेला नाही. पण गोठ्यात पाहा! शेण, वैरण, दावण, वेसण, आंबोण. जिकडेतिकडे ‘ण’च. आणि ‘ळ’ तर शेळीत आहे, गवळ्यात आहे, पोळ्यात आहे. मात्र ‘म’ शिकवायला म्हैस घेऊ नये. तेथे ‘म’ आणि ‘ह’ एकमेकांत मिसळले आहेत, आणि नव्या मुलाला ते जोडाक्षर जड जाते. ‘म’साठी मांजर घ्यावे, मेंढी घ्यावी, म्हैस सावकाश येऊ द्यावी, तिची चालही तशीच असते.

हे केवळ आमचे वेड नव्हे. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली अंगिकोस या गावी सुमारे ३०० प्रौढ कष्टकऱ्यांना चाळीस तासांच्या वर्गात वाचावयास शिकवले. त्यांच्या पद्धतीत ‘वीट’ यासारखा मजुराच्या हातातला शब्द घ्यावयाचा, त्याचे तुकडे करावयाचे, आणि त्या भाषेतला ‘ता, ते, ती, तो, तू’ असा क्रम लावावयाचा. म्हणजे आपली बाराखडीच की! फरक इतकाच की ती वीट हातात धरून शिकवली. मोठ्यांना वीट, तर लहानांना वासरू का नको?

परंतु सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. तिसऱ्याच दिवशी एक आई तावातावाने आली. म्हणाली, “बाई, बैल तर पोरीला रोजच दिसतोय. साळंत बी बैलच दावणार आसाल, तर साळा कशाला पायजे? जल्मभर बैलामागंच ऱ्हावं का तिनं?” बंधुभगिनींनो, मी तीस वर्षे सभा केल्या, पण त्या बाईला द्यावयास माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिचा संशय खरा होता. गरिबाच्या मुलाला गरिबीचेच शिक्षण द्यावयाचे आणि त्याला ‘जीवनाशी जोडलेले’ म्हणावयाचे, ही लबाडी आपल्या देशात झालेली आहे. मुलीला तिने वर्गातून नेले.

पंधरा-वीस दिवसांनी ती मुलगी बापाबरोबर गाडीवर होती. वजनकाट्यावरून पावती मिळाली. पोरीने ती हातात घेतली आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “ह्यात आपला बैल हाय.” तेथे ‘बैलगाडी’ असे छापलेले होते. तिला पूर्ण शब्द आला नाही, आकडा तर मुळीच नाही. ‘बै’ तेवढा आला. पण त्या बिऱ्हाडात पावतीवरचे काहीही कोणी स्वतः ओळखण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी आईने तिला आणून सोडले आणि एवढेच म्हणाली, “आता बैलाच्या फुडचं शिकवा.”

माझ्या मते सगळा विषय त्या एका वाक्यात आहे. बैल हा उंबरठा आहे, घर नव्हे. उंबरठ्यावर मुलाला हात धरून आणावे, आणि तेथेच बसवून ठेवू नये. ज्या दिवशी ‘ब’ बैलातून सुटून बाजारात, बसमध्ये आणि बापाच्या नावात ओळखू येईल, त्या दिवशी बैलाचे काम झाले.

आपण म्हणाल, आम्ही शहरातले लोक, आमच्या मुलांना गोठा कोठून आणावा? शोधला तर सापडतो. आठवड्याचा जनावरांचा बाजार आहे, एखाद्या गवळ्याचा गोठा आहे. परदेशी चित्रांतले लाल कौलांचे शेत आणि तिथली जनावरे दाखवून इंग्रजी शब्द पाठ करवून घेण्यापूर्वी एकदा मुलाला म्हशीच्या ओल्या नाकाला हात लावू द्या. मग चित्र दाखवा आणि मग अक्षर. हा क्रम उलटा केला की अक्षर पोपटाचे होते.

आणि एक मागणे. येत्या हंगामात आपल्या शहराजवळ तळ पडेल तेव्हा तेथल्या लहान मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत आहेत की नाहीत, हे आपल्यापैकी कोणीतरी जाऊन पाहावे. नसतील तर घालून घ्यावीत. सरकारने १९७५ पासून ही योजना चालवली आहे. मागितल्याखेरीज मात्र ती फडापर्यंत चालत येत नाही, हा माझा अनुभव आहे. एखाद्या निवृत्त शिक्षिकेने रोज तासभर दिला तर त्याहून मोठी वर्गणी आमच्या संघटनेला नको.

माझे वडील शेवटपर्यंत अंगठाच उठवत राहिले. त्यांच्या बैलांची नावे मात्र मला आजही कोणी विचारली, तर मी ती लिहून दाखवतो.